घरात शिरणारे ऊन कसे थोपवावे? : भोपाळच्या वास्तूंवरून एक अभ्यास

वैशाखातील दुपार उलटते, सूर्य मावळतो, अंगणात थोडा वाराही सुटतो. तरी सिमेंटच्या छताखालील खोलीत पाऊल टाकावेसे वाटत नाही. विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील असंख्य कुटुंबांचा आज हा अनुभव आहे. पत्र्याच्या घरात दुपार असह्य होते, तर स्लॅबच्या घरात रात्र. शेतावर किंवा कामावर जाणारा माणूस झाडाची सावली तरी शोधू शकतो. परंतु तान्ही मुले, बाळंतिणी, वृद्ध आणि आजारी माणसे यांना दिवसाचा बहुतेक वेळ घरातच काढावा लागतो. रात्री अंगातील उष्णता बाहेर पडण्यास वाव मिळाला नाही, झोप झाली नाही, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा उन्हाळा शरीराला अधिकच जड जातो. म्हणून घर तापणे हा केवळ सुखसोयीचा प्रश्न नसून आरोग्याचाही प्रश्न आहे.

या प्रश्नाचा अभ्यास करण्यास भोपाळ हे शहर अतिशय सोयीचे आहे. विदर्भाचे आठ जिल्हे १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होते व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी बनले. राज्ये वेगळी झाली, तरी हवामान तेच राहिले. इमारतींच्या ऊर्जाविषयक संहितेत भोपाळ आणि नागपूर या दोन्ही शहरांची गणना ‘संमिश्र’ हवामानाच्या विभागात होते. कोरडा कडक उन्हाळा, दमट पावसाळा आणि बऱ्यापैकी थंड हिवाळा असे तीनही ऋतू तेथील घराला सोसावे लागतात. याच भोपाळात व त्याच्या आसपास आदिमानवाच्या शैलाश्रयापासून विसाव्या शतकातील नामांकित वास्तूपर्यंत माणसाने उन्हाशी केलेल्या तडजोडीचे नमुने थोड्या अंतरावर पाहावयास मिळतात.

उष्णतेच्या तीन वाटा

उष्णता नेहमी अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जाते. तिच्या जाण्याच्या वाटा तीन. पहिली वहनाची. पितळी पळीचे एक टोक उकळत्या आमटीत असले की थोड्या वेळाने दुसरे टोकही हाताला चटका देते. छतावर पडलेले ऊन स्लॅबच्या खालच्या अंगापर्यंत पोहोचते ते याच रीतीने. दुसरी वाट अभिसरणाची. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते व तिच्या जागी थंड हवा येते. दारा-खिडक्यांतून आत येणारी झळ हीसुद्धा हवेबरोबर वाहणारी उष्णता होय. तिसरी वाट प्रारणाची. चुलीसमोर बसले असता मधली हवा फारशी तापलेली नसूनही तोंडाला धग लागते. सूर्याची उष्णता पृथ्वीवर येते ती प्रारणानेच, आणि पत्र्याच्या छपराखाली उभ्या राहिलेल्या माणसाचे डोके तापते तेही मुख्यतः प्रारणानेच.

उष्णतारोधन म्हणजे या तीनही वाटांवर अडथळा उभा करणे. येथे एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. उष्णतारोधक पदार्थ थंडावा निर्माण करीत नाही, तसाच तो ऊबही निर्माण करीत नाही. धनगराची घोंगडी याचे उत्तम उदाहरण आहे. थंडीत ती अंगातील ऊब बाहेर जाऊ देत नाही आणि उन्हात डोक्यावर घेतली की बाहेरचे ऊन आत येऊ देत नाही. घोंगडी एकच, तिचे कामही एकच. बदलते ती केवळ उष्णतेची दिशा. बर्फविक्रेता लाकडाच्या भुशात व गोणपाटात बर्फ गुंडाळून ठेवतो त्यामागेही हेच तत्त्व आहे. १८३३ मध्ये अमेरिकेतील बोस्टन बंदरातून ‘टस्कनी’ नावाचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि विषुववृत्त ओलांडून चार महिन्यांनी कलकत्त्यास पोहोचले, तेव्हाही त्यातील सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. यंत्राची कोणतीही मदत नसता हे साध्य झाले ते उष्णतारोधक आवरणाच्या बळावर.

घोंगडी, भुसा, गवत आणि कापूस यांच्यात समान असे काय आहे? या सर्वांच्या तंतूंमध्ये हवेचे बारीक बारीक कप्पे अडकून राहतात. स्थिर हवा ही उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. हवा मोकळी असेल तर ती अभिसरणाने उष्णता वाहून नेते. पण लहान कप्प्यांत कोंडली की तिला हालचाल करता येत नाही. बहुतेक सर्व उष्णतारोधक पदार्थांचे मर्म या कोंडलेल्या हवेत आहे.

कोणता पदार्थ किती उष्णता जाऊ देतो हे ‘उष्णता-संवाहकता’ या मापाने सांगतात. एक मीटर जाडीच्या थराच्या दोन बाजूंत एक अंश सेल्सिअस फरक असताना एक चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, तो हा आकडा. आकडा जितका लहान तितका पदार्थ अधिक उष्णतारोधक. घरबांधणीतील काही पदार्थांचे स्थूलमानाने आकडे असे आहेत :

पोलाद – ५०
वाळूचा दगड – २
सळईचे काँक्रीट – १.५८
भाजलेली वीट – ०.८
माती – ०.५
लाकूड – ०.१४
गवताचे छप्पर – ०.०७
थर्माकोल – ०.०३५
स्थिर हवा – ०.०२५

ही यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. ज्या क्रमाने आपली घरे ‘पक्की’ होत गेली, साधारण त्याच क्रमाने त्यांचे छप्पर उष्णतेला अधिकाधिक मोकळी वाट देत गेले. गवत गेले आणि पत्रा आला. माती गेली आणि काँक्रीट आले. पावसापासून, आगीपासून व वाळवीपासून मिळालेले संरक्षण मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु त्या बदल्यात काय गमावले याची नोंद आपण घेतली नाही.

छपराकडेच आधी का पाहावे?

भोपाळच्या थोडे उत्तरेकडून कर्कवृत्त जाते. त्यामुळे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य तेथे जवळजवळ डोक्यावर असतो. नागपुरात तो मेच्या अखेरीसच डोक्यावर येतो. सूर्य इतका उंच असताना दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसे पडत नाही. पूर्वेची भिंत सकाळी आणि पश्चिमेची दुपारनंतर तापते. छपरावर मात्र सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत ऊन असते, आणि ऐन दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट इतका त्याचा मारा होतो. म्हणून एकमजली घरात उष्णतारोधनाचा पहिला पैसा छपरावर खर्च करावा, हा नियम समजावा.

एका साध्या हिशेबाने हे स्पष्ट होईल. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरविलेले आहे. एवढ्याच छताचा विचार करू. उन्हाने छताचा वरचा पृष्ठभाग ६० अंशांइतका तापला आहे आणि खोलीत ३५ अंश तापमान आहे असे धरू. छत १५ सेंटीमीटर जाडीच्या उघड्या स्लॅबचे असेल, तर पृष्ठभागालगतच्या हवेचा अल्प रोध जमेस धरूनही प्रत्येक अंश फरकामागे दर चौरस मीटरमधून सुमारे ३.३ वॅट उष्णता आत येते. एकूण हिशेब सुमारे २,००० वॅटचा होतो. म्हणजे एक हजार वॅटच्या दोन विजेच्या शेगड्या छताला उलट्या टांगून पेटविल्यासारखेच झाले.

याच स्लॅबवर १० सेंटीमीटर जाडीचा मातीचा थर दिला, तर हा आकडा सुमारे १,२५० वॅटवर येतो. मातीऐवजी ५ सेंटीमीटर थर्माकोलचा थर दिला, तर तो ३६० वॅटच्या आसपास उतरतो. भारत सरकारने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. तीत छतामधून एका अंशामागे दर चौरस मीटरला १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता जाऊ नये अशी मर्यादा घातली आहे. ही संहिता मोठ्या भूखंडांवरील इमारतींकरिता असली, तरी मोजपट्टी म्हणून ती लहान घरालाही लावून पाहण्यासारखी आहे. उघड्या स्लॅबचा ३.३ हा आकडा त्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट ठरतो.

हा हिशेब स्थूल आहे. प्रत्यक्षात छत एकदम तापत नाही व एकदम निवतही नाही. हा दुसरा मुद्दा समजून घेण्यासाठी भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरवर जावे लागते.

भीमबेटका : रोधन आणि साठवण

रायसेन जिल्ह्यातील भीमबेटका येथील शैलाश्रय १९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांच्या दृष्टीस पडले आणि पुढे तेथील चित्रांमुळे जगप्रसिद्ध झाले. २००३ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. उन्हाळ्यात तेथे जाणाऱ्याला खडकाच्या पोटाखाली शिरताच गारवा जाणवतो. वर दिलेल्या यादीत तर वाळूच्या दगडाची संवाहकता काँक्रीटहूनही अधिक आहे. मग हा गारवा कशाचा?

हा गारवा साठवणीचा आहे. प्रचंड जाडीचा खडक तापण्यास फार मोठी उष्णता लागते. दिवसभराचे ऊन त्याच्या वरच्या थरातच मुरते आणि ते खोलवर पोहोचण्यापूर्वी रात्र होते. मग तीच उष्णता उलट फिरून आकाशाकडे निघून जाते. मोठा माठ भरावयास वेळ लागतो तसाच हा प्रकार. यास उष्णतेचे रोधन न म्हणता उष्णतेची साठवण आणि विलंब असे म्हणावे लागेल. जाड भिंतीच्या घरात हेच घडते. ४५ सेंटीमीटर जाडीच्या विटांच्या किंवा मातीच्या भिंतीतून उष्णतेला आत पोहोचण्यास सुमारे दहा ते बारा तास लागतात. दुपारचे ऊन मध्यरात्री आत येते, तोवर बाहेरची हवा निवलेली असते आणि खिडक्या उघडून ते घालवून देता येते. जुन्या भोपाळातील १८२० च्या गौहर महालासारख्या इमारतींत जाड भिंती आणि मधला चौक यांची सांगड दिसते, ती याच कारणाने उपयुक्त ठरते.

स्लॅबच्या घराची अडचण येथे उघड होते. १५ सेंटीमीटर काँक्रीटमधून उष्णता अंदाजे चार तासांत खाली येते. म्हणजे दुपारी एकचे ऊन सायंकाळी पाचच्या सुमारास खोलीत उतरू लागते, आणि दिवसभर साठलेली उष्णता स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली झोपलेल्या माणसांवर ओतत राहतो. तो उष्णतारोधक म्हणावा इतका मंद वाहक नाही आणि खडकासारखा जाडही नाही. पत्र्याची गोष्ट याहून वेगळी आहे. तो काही मिनिटांत तापतो, दुपारी ६० अंशांच्या पुढे जातो व खालच्या अंगाने धग टाकू लागतो. मात्र सूर्यास्तानंतर लवकर निवतो. दुपारी पत्रा आणि रात्री स्लॅब नकोसा का होतो, याचे कारण एवढ्यावरून ध्यानात यावे.

मानव संग्रहालयातील घरे

भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी श्यामला टेकडीवर इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे. १९७७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था १९७९ मध्ये भोपाळला आली. सुमारे २०० एकरांच्या या परिसरात देशाच्या निरनिराळ्या भागांतील आदिवासींनी स्वतः येऊन, आपापल्या भागातील साहित्य वापरून, आपली घरे बांधली आहेत. एकाच टेकडीवर इतक्या प्रकारची छपरे व भिंती पाहावयास मिळणे ही अभ्यासकाला पर्वणीच आहे.

आपल्या कोकणपट्टीतील वारल्यांचे घर येथे आहे. कारवीच्या कुडावर शेणमातीचा लेप, तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रे आणि वर उतरते छप्पर. कुडाची भिंत पातळ असते. ती उष्णता फारशी साठवीत नाही, पण हवा खेळती ठेवते. पालघर-डहाणूकडील दमट हवेत वारा हाच मोठा दिलासा असल्याने ती तेथे योग्य ठरते. वर गवताचा जाड थर असला म्हणजे उन्हाचा मुख्य मारा तेथेच अडतो.

त्याच परिसरात निलगिरीच्या तोडा लोकांची झोपडी पाहावयास मिळते. अर्ध्या पिंपासारखा तिचा आकार, जमिनीपर्यंत उतरलेले जाड गवती छप्पर आणि वाकून, जवळजवळ रांगतच आत शिरावे लागेल असे चिमुकले दार. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरहून अधिक उंचीवरच्या थंडीत आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून ही सर्व योजना. वारल्याने गवत घातले ते ऊन आत येऊ नये म्हणून. तोड्याने घातले ते ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. घोंगडीचा नियम येथे घराला लागू झालेला दिसतो.

मात्र यावरून कोणत्याही जुन्या घराची नक्कल कोठेही करावी असा अर्थ निघत नाही. कुडाची पातळ भिंत अकोल्याच्या कोरड्या झळांत उपयोगाची नाही आणि तोड्याचे चिमुकले दार ठाण्याच्या दमट हवेत गुदमरवील. प्रदेशाचे हवामान पाहून भिंत, छप्पर व वारा यांचे प्रमाण ठरवावे, हा या संग्रहालयाचा खरा धडा आहे.

भारत भवन : जमिनीचा आधार

त्याच श्यामला टेकडीवर, तलावाच्या उतारावर, १३ फेब्रुवारी १९८२ रोजी ‘भारत भवन’ या कलाकेंद्राचे उद्घाटन झाले. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी ही वास्तू उंच न नेता उतारात बसविली. वरून पाहणाऱ्याला प्रथम दिसतात त्या पायऱ्यापायऱ्यांनी तलावाकडे उतरणाऱ्या गच्च्या. दालने त्यांच्या खाली, खोलगट चौकांभोवती आहेत. भिंतींचा बराच भाग जमिनीला टेकलेला असल्याने उन्हाला उघडा पडणारा पृष्ठभागच कमी होतो, आणि चौकात एका बाजूला तरी बहुतेक वेळ सावली राहते.

जमिनीचा हा आधार शास्त्राला धरून आहे. तीन-चार मीटर खोलीवर जमिनीचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. ते त्या गावाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास राहते. भोपाळमध्ये ही सरासरी सुमारे २५ अंश आहे. बाहेर ४० अंशांचा उन्हाळा असो की १० अंशांची पहाट, जमिनीला टेकलेली भिंत दोन्ही टोके बोथट करते. गावात कोणी भारत भवन उभारणार नाही. तथापि शाळा, समाजमंदिर किंवा गोदाम उताराच्या जागेवर बांधावयाचे असता मागची भिंत टेकडीत घेणे आणि ओल न येण्याची चोख व्यवस्था करणे हा विचार अभियंत्यांनी अवश्य करावा.

आपल्याकडील जुने शहाणपण

हे ज्ञान महाराष्ट्राला नवे नाही. मराठवाड्यातील माळवद आणि खानदेश-वऱ्हाडातील धाब्याची घरे यांत लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या अंथरून त्यावर मातीचा जाड थर देत असत. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती टाकून ती चोपली जाई. विदर्भात कवेलूच्या छपराखाली माळा असे. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा निघून जाई, माळ्यावर रचलेला चारा उष्णतेला अडवी आणि खालच्या माजघरात मे महिन्यातही माणूस दुपारी निजू शके. या घरांना दोष होते. ती गळत, त्यांत उंदीर व साप शिरत, दरवर्षी डागडुजी लागे, आणि मातीचे वजन व कुजलेली तुळई यांमुळे धोकाही असे. म्हणून मागे जाण्याचे कारण नाही. मात्र त्यांतील तत्त्व नव्या घरात आणणे शक्य आहे.

आज काय करता येईल?

पत्र्याचे घर असल्यास प्रथम पत्र्याला वरून पांढरा रंग किंवा चुन्याची सफेदी द्यावी. काळपट, गंजलेला पृष्ठभाग पडलेल्या उन्हाचा फार मोठा भाग शोषून घेतो. स्वच्छ पांढरा पृष्ठभाग बराचसा भाग परत पाठवितो. सफेदी धुऊन जाते, म्हणून ती दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी द्यावी लागते. दुसरा उपाय पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे अथवा फळ्यांचे छत करून मध्ये वीतभर पोकळी ठेवण्याचा. पत्र्याची धग थेट अंगावर येण्याऐवजी तट्ट्यावर अडते. पोकळीतील तापलेली हवा निघून जाण्यासाठी दोन्ही टोकांना जाळीची झरोके ठेवावीत.

स्लॅबचे घर असल्यास उष्णतारोधक थर स्लॅबच्या वर द्यावा, खाली नव्हे. वर दिलेला थर ऊन स्लॅबपर्यंत पोहोचण्यापूर्वीच थोपवितो, त्यामुळे स्लॅब दिवसभर तापत नाही व रात्री धगही टाकीत नाही. विटांच्या तुकड्यांचा कोबा गळतीवर उपाय म्हणून आपल्याकडे रूढ आहे. त्याने थोडे उष्णतारोधनही होते. उत्तर भारतात भुसा मिसळलेल्या मातीचा चोपलेला थर देऊन त्यावर चपट्या विटा बसविण्याची पद्धत आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी कोब्याखाली चांगल्या घनतेच्या थर्माकोलचा थर घालावा. कोणताही थर देण्यापूर्वी स्लॅब ते वजन पेलेल काय, हे जाणकाराकडून तपासून घेणे अत्यंत जरूर आहे.

नवे घरकुल बांधताना पश्चिमेकडे खिडक्या कमी ठेवाव्यात आणि त्या बाजूस झाड लावावे किंवा पडवी काढावी. भिंतीसाठी पोकळ अथवा हवेचे कप्पे असलेले हलके ठोकळे मिळत असल्यास त्यांचा विचार करावा. चंद्रपूर व कोराडीसारख्या औष्णिक वीज केंद्रांतून निघणारी राख अशा ठोकळ्यांत उपयोगी पडते.

यासोबत घर वापरण्याची रीतही बदलली पाहिजे. झळा सुरू होताच दारे-खिडक्या लावून घ्याव्यात आणि सूर्यास्तानंतर, बाहेरची हवा निवली की, समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. उष्णतारोधक घर बाहेरची उष्णता जशी आत येऊ देत नाही, तशी चूल, दिवे आणि माणसे यांची आतली उष्णताही सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. ती वाऱ्याबरोबर घालवावी लागते. रात्री खिडक्या बंद ठेवल्यास केलेल्या खर्चाचा निम्मा लाभ वाया जाईल.

घ्यावयाची खबरदारी

ओल हा उष्णतारोधनाचा पहिला शत्रू आहे. पाण्याची संवाहकता स्थिर हवेच्या वीसपटीहून अधिक आहे. गवत, भुसा किंवा खनिज लोकर भिजली की तिच्या कप्प्यांत हवेऐवजी पाणी भरते आणि तिचा गुण नाहीसा होतो. म्हणून गळती आधी थांबवावी. दुसरा शत्रू आग. गवत आणि तट्ट्या चुलीपासून व विजेच्या तारांपासून दूर असाव्यात. थर्माकोल जळताना विषारी धूर निघतो. तो उघडा कधीही ठेवू नये, कोब्याखाली किंवा गिलाव्याआड पूर्णपणे झाकावा. तिसरा शत्रू फट. छताचा बहुतेक भाग झाकला आणि कडा तशाच सोडल्या, तर उष्णता तेथूनच आत येते. चकचकीत ॲल्युमिनियमच्या पत्रीचा उपयोग प्रारण अडविण्यास होतो. परंतु तिच्यालगत हवेची पोकळी असेल आणि पृष्ठभाग स्वच्छ असेल तरच. धूळ बसलेली किंवा दोन थरांत दाबून बसविलेली पत्री निरुपयोगी ठरते.

शाळेत करून पाहावयाचे प्रयोग

शिक्षकांना हा विषय अल्प साहित्यात शिकविता येईल. बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्यावेत. एक ताटलीत उघडा ठेवावा आणि दुसरा लोकरीच्या कापडात गुंडाळावा. कोणता आधी वितळेल, असे प्रथम वर्गाला विचारावे. ‘लोकर गरम असते, म्हणून गुंडाळलेला आधी वितळेल’, असे पुष्कळ मुले सांगतील. अर्ध्या तासाने कापड उघडून दाखविले म्हणजे घोंगडीचा नियम मुले जन्मभर विसरणार नाहीत.

दुसऱ्या प्रयोगासाठी पत्र्याचे झाकण असलेली तीन सारखी खोकी घ्यावीत. एकाचे झाकण काळे रंगवावे, दुसऱ्याचे पांढरे; तिसऱ्याच्या काळ्या झाकणावर चार बोटे जाडीचा वाळक्या गवताचा थर द्यावा. तिन्ही खोकी उन्हात ठेवून प्रत्येकात तापमापक घालावा आणि दर दहा मिनिटांनी नोंद घ्यावी. नंतर खोकी सावलीत आणून निवण्याच्या नोंदीही घ्याव्यात. मुलांनी आपल्या घरातील व शेजारच्या वेगळ्या छपराच्या घरातील तापमान आठवडाभर सकाळी, दुपारी आणि रात्री नोंदविले, तर गावाची स्वतःची माहिती तयार होईल. ग्रामपंचायतीला अंगणवाडीच्या किंवा शाळेच्या छतावर खर्च करावयाचा की नाही, हे ठरविताना अशा नोंदी कामी येतील.

समारोप

भीमबेटक्याच्या खडकाने उष्णता साठविली, तोड्याच्या गवताने ती अडविली आणि भारत भवनाच्या दालनांनी जमिनीचा आश्रय घेतला. साधने वेगळी, पण प्रत्येक ठिकाणी ऊन माणसापर्यंत पोहोचण्याआधीच त्याची वाट लांबविली गेली. आज गावोगाव उभ्या राहणाऱ्या घरांत कुटुंबे पुढील अनेक वर्षे राहणार आहेत. त्यांच्या भिंती व छत यांचा विचार नकाशावरच झाला, तर पुढे पंख्याचा व विजेचा खर्च वाचेल. आणि ज्यांना पंखाही परवडत नाही त्यांना रात्रीची झोप मिळेल. घर बांधणाऱ्याने, अभियंत्याने आणि ग्रामपंचायतीने नकाशा पाहताना ‘छत किती मजबूत?’ या प्रश्नासोबत ‘छत किती तापेल?’ हा प्रश्नही विचारावा. उन्हाळ्यात घर राहण्याजोगे करण्याची सुरुवात या एका प्रश्नापासून होईल.